प्रागची एक्केचाळीस पानं

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.१०
ठरलं. जूनमध्ये प्राग. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. शहर सुनेत्राने निवडलं, बाकी सगळं माझ्याकडे. लेकीची, क्षिप्राची, युनिव्हर्सिटी ऑगस्टमध्ये सुरू होणार, म्हणून तीही बरोबर.
सुनेत्राची अट एकच. 'या वेळी मला नुसतं भटकायचंय, निशी. तुझ्याबरोबर. घड्याळ न बघता.' मुद्दा नोंदवला. तिसरा दिवस, दुपारी २.१५ ते ३.००: भटकणे.
मागे क्योटोला शेवटचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. थकवा. या वेळी बसण्याच्या जागा आधीच ठरवून टाकणार.
टूर कंपनी अजिबात नको. नवव्या मजल्यावरचा मुकुल गेल्या वर्षी टूरबरोबर गेला आणि सात देशांत ठेपले खाऊन आला. कुठल्या गावात कोणती नदी, विचारा, सांगता येत नाही. मी साध्या डिप्लोमावर, सगळं स्वतःचं स्वतः शिकून, इथे सिंगापूरला आंग मो किओच्या फॅक्टरीत क्वालिटी हेड झालो. एक शहर शिकायला चार महिने पुष्कळ.

२३ फेब्रुवारी, रविवार
प्रवासाची फाइल: पान १४.
चेक भाषा सुरू. संकल्प: रोज वीस शब्द. आज सहा, पण पक्के. त्यांचं एक अक्षर आहे, र आणि झ एकाच दमात म्हणायचं. अर्धा तास म्हटलं. क्षिप्रा खोलीतून बाहेर आली. 'बाबा, इज दॅट यू? आय थॉट ब्लेंडर स्पॉइल ऑलरेडी.' तिचा कान तयार नाही.
व्हिसा. दोघींचे पासपोर्ट लाल, सिंगापूरचे. त्यांना लागत नाही. माझा निळा, भारताचा. इथल्या पुष्कळ मराठी घरांत हीच पद्धत आहे: बायकोमुलांनी लाल घ्यायचा, नवऱ्याने निळा ठेवायचा. कुणीतरी एकाने तिकडचं राहायला हवं. ही जबाबदारी मी घेतली. तेव्हा व्हिसा फक्त मला. अर्जाला प्रवासाचा आराखडा जोडावा लागतो. अर्धवट आराखडा मी जोडणार नाही. आधी फाइल पूर्ण, मग अपॉइंटमेंट. क्रम हाच बरोबर.

१६ मार्च, रविवार. सकाळी ९.३०
आज रंगीत तालीम. प्रागचे जुने रस्ते दगडी. पायांना सवय हवी. आमच्या ब्लॉकखाली म्हाताऱ्यांना तळपाय दाबून घ्यायला गोट्यांची वाट केलेली आहे, चोआ चू कांग भागात त्याहून जवळचा नमुना मिळणार नाही. दोघींना बूट घालून चाळीस फेऱ्या सांगितल्या.
क्षिप्राने दोन मारल्या. सुनेत्राने एकही नाही. ती बाकावर बसून तिथल्या एका चिनी आज्जींशी बोलत होती. आज्जी मला म्हणाल्या, 'अंकल, शूज टेक ऑफ लाह! विथ शूज नो यूज!' मी त्यांना प्रागबद्दल समजावलं. त्यांनी सुनेत्राकडे बघितलं. सुनेत्राने त्यांच्या हातावर हात ठेवला. दोघी किती वेळ हसत होत्या कोण जाणे.
बावीस फेऱ्या झाल्या. डावी टाच दुखते आहे. म्हणजे व्यायाम योग्य ठिकाणी पोचला.

२० एप्रिल, रविवार
पान ३३. आजच्या टिपा:
खगोलघड्याळ तासाला टोल देतं तेव्हा सगळे वर बघतात, पाकीटमार खाली बघतात. आपण आळीपाळीने वर बघायचं.
ट्रामचं तिकीट काढून भागत नाही, आत पिवळ्या यंत्रात छापून घ्यायचं. नाही तर दंड.
चौकातल्या भाजलेल्या गोड वेटोळ्याला लोक प्राचीन पदार्थ समजतात. तसं नाही. खायचं असल्यास एकात तिघांनी.
सुनेत्राला वाचून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, 'भटकायचं कधी?' पान १३ दाखवलं. तिने बघितलं आणि पुढची घडी घातली.
एक गोष्ट मात्र लिहून ठेवायला हवी. इतके दिवस झाले, व्हिसाबद्दल ती एका शब्दाने विचारत नाही. क्षिप्राने एकदा विचारलं तर तिलाही म्हणाली, 'बाबा बघतील.' पंचवीस वर्षांनी येतो हा विश्वास.

४ मे, रविवार. सकाळी ११.००
फाइल पूर्ण. पानं ४१. अनुक्रमणिका धरून.
आता अपॉइंटमेंट. किरकोळ काम.

४ मे. सकाळी ११.२०
वेबसाइटवर पहिली मोकळी तारीख २६ जून. आम्ही निघणार ७ जूनला, परत येणार १७ जूनला.
वेबसाइट नीट उघडली नसावी.

६ मे, मंगळवार
काल ऑफिसातून वेबसाइट एकतीस वेळा उघडली. आज चव्वेचाळीस. एकदा २२ मे दिसली, पासपोर्ट नंबर टाकेपर्यंत गेली. मुकुलला लिफ्टमध्ये सहज विचारलं, लोक अपॉइंटमेंट साधारण कधी घेतात. म्हणाला, 'अरे, जूनसाठी? मार्चमध्येच! आमची टूरवाली फेब्रुवारीपासून मागे लागली होती.' टूरवाल्यांना घाई असतेच. त्यांना अभ्यास नसतो.

११ मे, रविवार
जेवताना सांगितलं. क्षिप्राचा चमचा हवेतच राहिला. 'बाबा, सीरियस आह? फॉर्टी-वन पेजेस, देन व्हिसा नेव्हर बुक?' मी क्रमाचं महत्त्व सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.
सुनेत्रा शांत होती. आमटी वाढली, बसली, म्हणाली, 'मग आम्ही दोघी जातो.'
मी म्हणालो, पुढे ढकलता येईल. म्हणाली, 'तिकिटं बदलत नाहीत. तूच तशी काढलीस.' हे खरं आहे. पान ३, मुद्दा २.
नंतर भांडी घासताना ती काहीतरी गुणगुणत होती. मला धीर यावा म्हणून असणार.
विचारांती निर्णय: मी इथूनच सगळं चालवीन. फाइल त्यांच्याकडे, फोन माझ्याकडे. बघायला गेलं तर हेच बरं. जागेवर माणूस भांबावतो.

८ जून, रविवार. दुपारी ३.०५
तिथे सकाळचे ९.०५. पान ६ प्रमाणे दोघींनी आता ट्राममध्ये असायला हवं. लाइव्ह लोकेशनवर त्या हॉटेलात. फोन केला. क्षिप्राने उचलला. 'बाबा, वी आर हॅविंग ब्रेकफस्ट.' आपल्या वेळापत्रकात न्याहारी ८.२० ला संपते, हे सांगितलं. मागून सुनेत्राचा आवाज आला: 'बाबांना म्हणावं, पाव फार छान आहे.'
पावाची नोंद केली.

१० जून, मंगळवार
दुपारी मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून बसलो होतो. ठिपका नदीकाठी तासभर जागचा हलला नाही. अपघात? चोरी? बाहेर येऊन सहा फोन केले. सातव्याला सुनेत्राने उचलला. 'काही नाही रे. बसलेय.' कशासाठी? 'बसण्यासाठी.' तिला सांगितलं, तिथून चार मिनिटांवर ठरवलेली बसण्याची जागा आहे, पान १२. पाठ टेकता येते. ती म्हणाली, 'निशी, ऐक ना. इथे पाण्यावर...' आणि मग थांबली. मी पान १२ वाचत होतो, म्हणून असेल. म्हणाली, 'जाऊ दे, ठेवते.'
त्यानंतर ठिपका दिसेनासा झाला. नेटवर्क. जुनी शहरं, जाड भिंती.

१२ जून, गुरुवार. सकाळी ८.१५
दोन दिवसांत मी एकोणीस सूचना पाठवल्या. सगळ्यांवर निळ्या खुणा. उत्तर एकालाच, क्षिप्राचं: अंगठा.
खाली मुकुल भेटला. 'वहिनींचे फोटो काय सुंदर येतायत रे! काल पुलावरचा स्टेटसला टाकला होता, त्यात किती वेगळ्या दिसतायत. अनघा म्हणाली, दहा वर्षांनी लहान.' मी म्हणालो, हो, बघितला. बघितला नव्हता. माझ्या फोनवर तिचं स्टेटस दिसत नाही. अ‍ॅप जुनं झालं असणार.

१२ जून. सकाळी ८.४०
अ‍ॅप अपडेट केलं. फोन बंद करून चालू केला.
दिसत नाही.
मुकुलचं दिसतं. अनघावहिनींचं दिसतं.

१५ जून, रविवार
घर पुसलं. गोट्यांच्या वाटेवर गेलो नाही. चिनी आज्जींनी लांबून हात केला, 'वाइफ नॉट बॅक याह?' मंगळवारी, म्हणालो. 'होलिडे गुड?' म्हणाल्या. मी म्हणालो, व्हेरी गुड.

१७ जून, मंगळवार. दुपारी १२.३०
चांगी विमानतळावरून आणलं. दोघी उन्हाने रापल्यात. क्षिप्रा लगेच झोपली.
चहा केला. बॅगेत फाइल नव्हती. विचारलं. सुनेत्रा म्हणाली, 'पहिल्याच दिवशी हॉटेलच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. तिथेच आहे.' मी म्हणालो, विसरणं साहजिक आहे, माझ्याकडे कॉपी आहे. ती म्हणाली, 'विसरले नाही.'
मग कप खाली ठेवला. म्हणाली, 'एक सांगायचंय. अपॉइंटमेंट लवकर संपतात, हे मला मार्चपासून माहीत होतं. अनघा बोलली होती. मी तुला आठवण करून दिली नाही. रोज वाटायचं, आज सांगावं. आणि मग तू नवीन पान वाचून दाखवायचास.'
मी तिच्या कपात उरलेला चहा ओतला.
तीच पुढे म्हणाली, 'तिकडे रोज वाटलं की तू हवा होतास. पण असा नव्हे. लग्नाच्या आधी सिंहगडावर आपण रस्ता चुकलो होतो, तेव्हा होतास तसा.'
मी विचारलं, कसं होतं प्राग? आजवर हे विचारलंच नव्हतं, असं ती म्हणाली. खरं असावं.
ती सांगायला लागली. शेवटच्या दिवशी जुन्या शहराबाहेरच्या टेकडीवर गेल्या, तिथे जुनी दफनभूमी आहे, एक बाई नवऱ्याच्या थडग्यावरच्या फुलांना पाणी घालत होती. भाषा कळत नव्हती. तिने सुनेत्राच्या हातात झारी दिली. दोघींनी मिळून सगळी रांग भिजवली. हे सांगताना ती हातांनी झारी धरून दाखवत होती. इतकं एका दमात ती माझ्याशी कधी बोलली होती, आठवत नाही. मी पेन उचललं नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे. पेन उचललं नाही.
'आणि चढ म्हणजे काय विचारू नकोस, अर्धा तास चढत होतो...'
'बारा मिनिटं,' मी म्हणालो.
तिने हात खाली घेतले.
'मेट्रो स्टेशनपासून बारा,' मी म्हणालो.
'आम्ही नदीकडून चढलो,' ती म्हणाली. कप उचलले, सिंकमध्ये ठेवले, आंघोळीला जाते म्हणाली.

१७ जून. दुपारी १.१०
पुन्हा तपासलं. मेट्रोपासून बाराच आहेत.
नदीच्या बाजूने पायऱ्या दिसतात. किती आहेत, कळत नाही. त्या बाजूचं माझ्याकडे काहीच नाही.
विचारायला गेलो होतो. बाथरूममध्ये पाणी बंद झालंय, पण ती अजून बाहेर आलेली नाही.