धाकट्यासाठी बांधलेला स्प्रिंगचा डबा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा रेडिओ व अँप्लिफायर दुरुस्ती, अविवाहित, डोके ठिकाणावर आणि हात स्थिर आहे तोवर माझ्या मिळकतीची व्यवस्था स्वहस्ते लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात भावजयीशिवाय कोणी उरलेले नाही, आणि ती फक्त वेळेवर जेवायचा आग्रह धरते.

कलम १. राहत्या दोन खोल्या, पुढचे दुकान आणि बँकेतील ठेव माझ्या दिवंगत धाकट्या भावाच्या पत्नीला संपूर्ण मालकीहक्काने मिळावी. चुलतभावांपैकी कोणी हरकत घेतली, तर धाकट्याच्या आजारपणात आपण एकदाही हा जिना का चढलो नाही, ते त्याने आधी लेखी द्यावे.

कलम २. लाकडी शिडी खालच्या शिंप्याला. सात वर्षांपूर्वी तासाभरासाठी नेली होती. आता सावकाश वापरावी.

कलम ३. स्प्रिंगचा डबा. याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल.

धाकटा गिटार वाजवायचा. आपला सूर मोठ्या रिकाम्या दालनात घुमल्यासारखा लांबवर जावा, अशी त्याची फार इच्छा होती. तयार यंत्र मिळत होते, पण त्याला माझ्या हातचेच हवे होते. मी आठ महिने खपलो. पत्रा कापला, भोके पाडली, जुन्या रेडिओत असतात तसे काचेचे तीन व्हॉल्व्ह बसवले. काम साधे असते: गिटारचा आवाज एका टोकाने स्प्रिंगांत सोडायचा, दुसऱ्या टोकाने थरथरत बाहेर आला की मूळ सुरात मिसळायचा. पण माझा डबा गुणगुणायचा. स्प्रिंगांची पेटी ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या बाजूला नेली, उलटी फिरवली, तेव्हा कुठे तो गप्प झाला. त्या आठ महिन्यांत धाकटा रोज विचारायचा, "कुठवर आलं, दादा?" आणि मी उत्तर देताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा. मला वाटायचे, केवढी ही उत्सुकता.

डबा पूर्ण झाला त्या रविवारी त्याचे तीन साथीदार दुकानात आले. धाकट्याने गिटार जोडली, डोळे मिटून वाजवले आणि म्हणाला, "लांबवर जातोय, दादा. अगदी हवा तसाच."

सूर कुठेही जात नव्हता. कोरडाच होता. मी पाहिले, तर स्प्रिंगांच्या पेटीतून परत येणारी वायर घाईत लावायचीच राहिली होती.

तिथे मी वायर लावून गप्प बसायला हवे होते. पण मला झोंबले. आठ महिन्यांच्या कामाला हा न ऐकताच शाबासकी देतो. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "वायर लावलेलीच नाहीये. कान आहेत का भोकं?"

साथीदार हसले. मग ड्रमवाल्याचे हसू थांबले. तो धाकट्याच्या पाठीमागे गेला आणि त्याने त्याला हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मोठ्याने. धाकटा माझ्याकडेच पाहत होता. माझा चेहरा बदललेला बघून तो वळला, आणि त्याला सगळे कळले.

पुढच्या महिन्यात त्यांनी दुसरा गिटारवाला घेतला. ड्रमवाल्याचे तोंड मी पुन्हा पाहिले नाही. पण हाक त्याने मारली असली तरी सुरुवात मी केली होती.

कलम ४. माझी सर्व हत्यारे, मीटर आणि व्हॉल्व्हची खोकी बहिऱ्या मुलांच्या शाळेतील कार्यशाळेला द्यावीत. धाकटा त्यानंतर चौदा वर्षे माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून दुरुस्ती करत होता. ट्रान्सफॉर्मरवर बोट ठेवून तो बिघाड सांगायचा, आणि माझ्यापेक्षा कमी चुकायचा. आम्ही पाटीवर लिहून बोलायचो: "डाळ संपली." "हा रेडिओ कोणाचा?" "तू आज दाढी कर." चौदा वर्षांत त्या रविवारबद्दल त्याने एक अक्षर लिहिले नाही. मीही नाही. पाटी दोघांच्या मध्येच असायची.

कलम ५. तो जाऊन वर्ष झाले. गेल्या महिन्यात भावजय मटार सोलत बसली होती, मी समोर होतो. तिने विचारले, "दादा, तुम्हाला माहीत होतं का, कान जाणार हे डॉक्टरांनी ह्यांना आधीच सांगितलं होतं?"

आधी म्हणजे कधी, ते मी विचारले. डब्याचा पत्रा कापायच्याही आधी. तिने तेव्हाच त्याला सुचवले होते की दादांना सांगून टाका, उगाच राबतायत. त्यावर तो तिला म्हणाला होता, "सांगितलं तर दादा काम थांबवेल. किती वर्षांनी तो असा खुशीत आहे. होऊ दे डबा पुरा."

म्हणजे तो डबा त्याने माझ्यासाठी बांधून घेतला.

डबा भावजयीने ठेवावा किंवा वाजवणाऱ्या कोणाला द्यावा. घेणाऱ्याला बजावावे की प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहते, लगेच हात घालू नये.

कलम ६. माझ्या धाकट्या भावाची, त्या रविवारच्या शब्दांबद्दल, मी माफी मागतो.

मसुदा तपासताना वकीलबाईंनी हे कलम काढायला सांगितले. माफी ही मिळकत नव्हे. शिवाय ज्याच्या नावे ठेवायचे तो आधीच वारला असेल, तर ते त्याला पोचत नाही. मला ते समजले आहे. तरी कलम तसेच ठेवावे.

हे मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: दुकानातील कामाचे टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर

(सही) लिहून ठेवणार, थोरला भाऊ

साक्षीदार:
१. (सही) समोरचे दातांचे डॉक्टर
२. (सही) खालचा शिंपी. शिडीचे कलम वाचले, मान्य आहे. सहावे कलम वाचल्यावर थोडा वेळ बाहेर जाऊन आलो, मग सही केली.