चढावरचा लाल टॉवेल

४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ते तू कबूल करत नाहीस, म्हणून हे पत्र. डिझेल एवढं महागलंय की अख्खा हायवे शहाणा झालाय. आमचा बुलेट तुला माहीत आहे, पाठीमागे यमदूत लागल्यासारखा ट्रक हाकणारा. तोसुद्धा आता काटा पन्नासच्या वर जाऊ देत नाही.

चढावरच्या तुझ्या घरावरून मी कितीदा हॉर्न देत गेलोय, पण त्या वेगात खिडकीत तू आहेस की पडदा तेही कळायचं नाही. मंगळवारी हळू होतो, म्हणून दिसलीस. काठी बगलेत धरून, भिंतीला टेकून तू वाळलेले कपडे काढत होतीस. मागच्याच पत्रात मात्र ठणठणीत असल्याचं लिहिलं होतंस. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. आता एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये. हिनं तुझी खोली तयार करून ठेवलीय.

लोभ आहेच, तो वाढावा. थापा कमी व्हाव्यात.

तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

काठी मांजरांसाठी आहे. बरं, थोडी माझ्यासाठीही. खुबा दुखतो. सांगितलं नाही, कारण स्टिअरिंगवर बसून तू माझीच काळजी करत राहिला असतास. पण तुझ्या तिसऱ्या मजल्यावर येऊन मी करू काय, भिंतींशी गप्पा मारू? इथं माझी झाडं आहेत, माझं दार आहे.

आणि खरं सांगू, हा रस्ता इतका गुणी कधीच नव्हता. एकामागे एक ट्रक येतात, कुणी कुणाला मागे टाकत नाही, फळीवरचे कप थरथरत नाहीत. ड्रायव्हरांचे चेहरे दिसतात. आजवर मी त्यांना नुसत्या शिव्याच दिल्या. दिवसभर मन आवरून एका चालीनं गाडी हाकायची, हे काही खायचं काम नाही. एक चष्मेवाला तर रोज हात करतो.

लोभ असू दे, हट्ट मात्र सोड.

अक्का

१९ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

आईचा हट्टीपणा वाटताना तुझ्या ताटात जरा जास्तच पडला. राहा तिथंच, पण एका अटीवर. सकाळी उठलीस की गॅलरीच्या कठड्यावर लाल टॉवेल टाकायचा. अड्ड्यावर सगळ्यांना सांगून ठेवलंय, टॉवेल दिसला नाही तर दार ठोठावायचं. भरलेल्या गाडीचा चढावर वेग तुटला की पुन्हा ओढताना ती डिझेल ढोसते, याची मीच त्यांना आठवण करून दिली. तर बुलेट माझ्यावरच उखडला, ‘अक्का काय फक्त तुझीच आहे का?’

लोभ ठेव आणि टॉवेलही ठेव.

धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

सगळं वाचल्याशिवाय घाबरू नकोस. सोमवारी मी बाथरूममध्ये घसरून पडले. टॉवेल हातातच होता, कठड्यावर टाकायचा राहून गेला. उठता येईना. मग चढावर हॉर्न वाजला. हॉर्न मला चांगला ऐकू येतो. बुलेटनं मागच्या दाराची कडी तोडून मला उचललं, चष्मेवाल्यानं डॉक्टर आणले. हाड शाबूत आहे, नुसता मुका मार.

हा तोच बुलेट, ज्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार करायची. जाताना नवी कडी बसवून गेला. मी त्याच्यापुढे रडले, हे तुला त्याच्याकडून कळण्याआधी मीच सांगते.

माया असू दे.

अक्का

२ एप्रिल

ती. अक्कास सा. न. वि. वि.

डिझेल उतरलं आणि माझी झोप उडाली. आता सगळे पुन्हा सुसाट सुटणार. त्या वेगात टॉवेल काय, घरही दिसत नाही. रविवारी न्यायला येतोय. सामान बांध. या वेळी माझं ऐक.

धाकटा

६ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं म्हणणं पटलं, म्हणून सामान बांधलं. झाडं कुणाला द्यायची तेही ठरवलं. आज सकाळी सवयीनं टॉवेल टाकला आणि शेवटचं म्हणून खिडकीत बसले.

खालून बुलेट आला, पूर्वीसारखाच सुसाट. पण आपल्या फाटकापाशी त्यानं वेग तोडला, मान उचलून टॉवेल पाहिला, हात केला, आणि मग ती भरलेली गाडी कण्हत चढाला लागली. मागून चष्मेवाला, तसाच. त्याच्यामागून ज्यांची तोंडंही मला माहीत नाहीत असे. तुमच्या अड्ड्यावरची एकही गाडी तशीच पुढे गेली नाही.

डिझेल वाचवायला हळू जाणं मला कळत होतं. ही माणसं आता डिझेल जाळून हळू जातात रे, माझ्यापायी. त्यांना सोडून मी कुठं येऊ?

सामान सोडलंय. रविवारी ये, पोटभर जेव, रिकाम्या गाडीनं परत जा. लोभात वाटेकरी वाढलेत, राग मानू नकोस.

तुझी आणि हायवेची,
अक्का