बेचिराग गावातली गाय

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्यापेक्षा तुमच्या लेकीचंच वय जास्त आहे. तुम्ही होता तोवर मला अक्षर येत नव्हतं. ते पुढे नातवाच्या पाटीवर शिकले. आज सकाळी मुलगा म्हणाला, हिंगोलीच्या बाहेर एक प्लॉट बघून ठेवलाय, तू एकदा चल. गेले. त्यानं बोअरचं पाणी दाखवलं, रस्ता दाखवला, आणि मी मात्र तिथं मोकळ्या फिरणाऱ्या एका गाईकडेच बघत राहिले. ती बसते का, एवढंच मला बघायचं होतं.

जागा पारखावी तर तुम्हीच. आपल्या साखरा गावाच्या आसपास कुणाला नवी वस्ती करायची असली, की तुम्हाला बोलावणं यायचं. मातीची चिमूट जिभेवर ठेवायची, विहिरीच्या दगडावरच्या डागांवरून चैत्रात पाणी कुठवर उतरतं ते ओळखायचं, धान्य पुरायच्या पेवाला जमीन कोरडी आहे का ते बघायचं, चुलीचा धूर लांबून दिसतो का ते टेकडीवर चढून बघायचं. माझ्या सासरची एवढी पाहणी केली असती तर मी दोन वर्षांत लेकरू काखेत घेऊन परत आले नसते, असं मी एकदा म्हणाले, तर तुम्ही दिवसभर जेवला नव्हतात. सगळं जमलं तरी शेवटचा शब्द गाईचा असायचा. तिला पाणी पाजून त्या जागेवर मोकळं सोडायचं. दिवस मावळायच्या आत ती बसून रवंथ करायला लागली, तर जागा माणसांना घेते. नाही बसली, तर गाड्या पुढे हाकायच्या.

निजामीचं ते शेवटचं वर्ष. टोळ्या गावं जाळत फिरत होत्या आणि कनेरगावच्या नाक्यावरून वऱ्हाडात उतरायची सोय राहिली नव्हती. आपण तीन घरं आडरानानं निघालो. माझ्या वर्षाच्या लेकराला हगवण लागलेली, अंगात ताप. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आम्हाला एका खोलगट जागेतल्या गावात आणलं. सरकारी कागदात अशा गावाला बेचिराग म्हणतात, म्हणजे जिथं दिवा लागत नाही. विहीर भरलेली, निसटायला दोन वाटा, धूर वर दिसणार नाही असा झाडोरा. दारं उघडी. एका घरात जात्यावर अर्धवट दळलेली ज्वारी तशीच होती. कुत्रं नाही, कावळा नाही. तुम्ही पेवाच्या तोंडावरचा दगड सरकवला, तर खाली अर्धं पेव ज्वारीनं भरलेलं. घाईत माणूस दळण टाकून जाईल, पण एवढी ज्वारी कोण टाकून जातं?

"हितली माणसं कुठं गेली असतील, आबा?"

"ते गाईला इचार, माय," म्हणत तुम्ही दावं सोडलं आणि मागची वाट बघायला गेलात. बाकीची दोन घरं खाली ओढ्याजवळ थांबली होती. वर मी, लेकरू आणि गाय.

गाय बसत नाही. पेवाच्या तोंडाशी मान लांब करून उभी आहे, कान टवकारलेले, अंगावरची माशीसुद्धा झटकत नाही. मी तिची पाठ दाबते, पुढचा पाय ओढते, तिच्या पाया पडते. मांडीवरचं लेकरू रडायचं थांबलं होतं आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. अजून दोन दिवस उन्हातून चालावं लागलं असतं तर ते हाती लागलं नसतं.

तुम्ही परत आलात. "बसली?"

"व्हय. आत्ताच उठली."

"बराबर बसली?"

"बसली म्हन्ते ना!"

तुम्ही गाईच्या पोटाकडे बघितलंत. बसून उठलेल्या गाईच्या पोटाला माती लागते. दुसऱ्या घरची म्हातारी आल्या आल्या तेच बघणार होती. मला मेलीला ते सुचलंच नव्हतं. पोट पांढरंशुभ्र होतं. तुम्ही मला पाण्याला पाठवलंत. विहिरीवरून वळून बघते, तर तुम्ही मूठभर माती घेऊन गाईच्या पोटाला चोळत होता. मग म्हातारी आली, वाकली आणि ओरडली, "बसली गं माय! उतरवा सामान."

लेकरू आठ दिवसांत उठून बसलं. टोळ्या आपल्याकडे फिरकल्याही नाहीत. पण गाय बसली नाही. अख्खा पावसाळा ती पेवाकडे तोंड करून उभी राहिली, झोपायची तीही उभ्यानंच. तिचा गुडघा दुखतो, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. मी एकदा विषय काढला, तर म्हणालात, "काहून उकरून राहिली? लेकरू खेळून राहिलं न्हवं?"

भादव्यात आपले दाणे संपले. "ज्यांची हाय त्यांना भरून देऊ," म्हणून तुम्ही पेव उघडलंत. रीतीप्रमाणे ते दिवसभर उघडं ठेवलं, मग खराब हवा आहे का ते बघायला कंदील आत सोडला. ज्योत हललीसुद्धा नाही. तुम्ही उतरलात. दोन टोपल्या वर आल्या. तिसऱ्या वेळी मी हाक मारली, तर ओ आली नाही. तुम्हाला दोरानं वर काढलं, तेव्हाही कंदील खाली सरळ जळत होता. तुम्हाला अंगणात निजवलं आणि गाय हळूच पुढचे गुडघे मोडून पेवाच्या तोंडाशी बसली. रवंथ करायला लागली.

आठच दिवसांनी फौज आल्याची, राज्य बदलल्याची खबर आली आणि आपली माणसं घरी परतली. एवढा पारखी माणूस, त्यालाच जागा चुकली, असं लोक वर्षानुवर्षं म्हणत राहिले. मी कधी ते खोडून काढलं नाही.

तेच लेकरू आज प्लॉटवर मला विचारत होतं, "आई, कशी वाटली जागा?" चांगली आहे म्हणाले. हा कागद पिठाच्या डब्याखाली घालीन, त्याला दाखवणार नाही. खोटं बोलले त्याचा पश्चात्ताप मला होत नाही, आबा. मुलगा समोर धडधाकट उभा असतो. पण त्या दिवशी तुम्ही अंगणात होता आणि गाय बसली, तेव्हा मला आधी रडू आलं नव्हतं. आधी मनात आलं, बसली बाई एकदाची, आता माझं खोटं कुणाला सापडणार नाही.