टकळीनं हात वर केला

१२ फेब्रुवारी

सौ. तिखट भावजयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टकळीच्या शाळेचा निकाल आमच्या शिक्षण कार्यालयात आला आणि टाइप करायला नेमका माझ्याच टेबलावर पडला. चौथीतल्या निम्म्या मुलांना धड वाचता येत नाही. दहातल्या सात मुलांच्या घरी आपली भाषाच बोलत नाहीत. अशा वर्गात आपल्या पोरीचं काय होणार? जूनपासून तिला माझ्याकडे पाठव. घरासमोरची शाळा उत्तम आहे. महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवायला सांगितली आहे. भावाशी फोनवर बोलले, तो हो म्हणाला. तुझा राग नाकावर असतो, तो जरा बाजूला ठेवून विचार कर.

लोभ आहेच, तो इस्त्रीखाली चेपू नकोस.
तुझी नणंद

१९ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी तिसरीपर्यंत शिकलेली, तेव्हा शुद्ध-अशुद्ध तुम्हीच बघून घ्या. राग तेवढा बरोबर लिहिलाय. तुमचा भाऊ हो म्हणाला यात नवल नाही. तो भंगारवाल्यालाही हो म्हणतो, परवा चांगली कढई गेली. पोर माझी आहे, विचारायचं मला होतं.

इस्त्रीचं दुकान तुमच्या भावावर टाकलं नि तडक शाळेत गेले. बाईंना विचारलं, की दहात सात पोरं बाहेरची कुठून आली. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी वर्गात म्हणे विचारलं होतं, घरी दुसरी भाषा कोण बोलतं. ज्याला ज्याला येते त्यानं हात वर केला, आणि आपली टकळी सगळ्यांत आधी! बांधकामावरच्या गवंड्याची पोर भिंगरी रोज संध्याकाळी आमच्या इस्त्रीच्या टेबलाखाली अभ्यासाला बसते, दोघींची बडबड तिच्या भाषेत चालते. मग घरी बोलतेच की! तर वन्सं, तुमच्या त्या सातांत तुमची भाचीही आहे. बांधकामावरची पोरं नवीन आलीत, निम्मी असतील. सात नाहीत.

वाचनाचं मात्र खोटं बोलणार नाही. निम्मी अडखळतात, भिंगरी तर नापासच आहे. आमची पास आहे, पण किती पक्की ते मला कुठलं कळायला? ती वाचते, मी मान डोलावते. ती चुकली तरी डोलावणारच. हे आत टोचतं, म्हणून तुमचं पत्र फाडलं नाही.

तेव्हा शनिवारी या आणि स्वतः परीक्षा घ्या. कच्ची निघाली तर दप्तर मीच भरून देते, डोळ्यांत पाणी आणणार नाही. पक्की निघाली तर हा विषय परत नाही. आणि घर खायला उठतं म्हणून पोर हवी असेल, तर तसं सरळ लिहा. निकालाच्या आडून कशाला?

गादी उन्हात घातली आहे. रागातही जेवढा उरतो तेवढा लोभ असू द्यावा.
आपली भावजय

३ मार्च

सौ. भावजयीस,
अ. उ. आ.

शनिवारी मी आले तेव्हा तू पुढे दुकानात गिऱ्हाइकांत होतीस, म्हणून आत काय झालं ते आता सांगते. टकळीनं धडा घडाघडा वाचला. तुझी मान फुकट डोलत नव्हती. मग टाकीतल्या पाण्याचं गणित घातलं, तिथे गाडी अडली. शेजारी भिंगरीची चुळबुळ सुरू. टकळीनं तिला गणित तिच्या भाषेत सांगितलं मात्र, तिनं उत्तर देऊन टाकलं. आणि ही पोरगी आमच्या कागदावर नापास!

मी टकळीला दटावलं, की एकटीनं कर. तर मला ऐकवते, की वाचायचं तिच्या वाटणीला आणि गणित भिंगरीच्या वाटणीला, रोज असंच असतं. मी वाटणी उलटी केली. भिंगरीला वाचायला लावलं, टकळीला गणित. दोघींनी तोंडं वाकडी केली, भांडल्या, एकमेकींना शिकवलं आणि दुपारपर्यंत दोघींना जमलं.

गणितात कच्ची निघाली, म्हणजे ठरल्याप्रमाणे दप्तर मागता आलं असतं. पण समोरच्या शाळेत सगळं मिळेल, भिंगरी मिळणार नाही. आणि टकळी गेली तर तिला कोण वाचून दाखवणार? जागा सोडून दिली. उलटी वाटणी मात्र चालू ठेव, मी तपासायला येणार. शाळेला हात पुन्हा नीट मोजायला कळवलं आहे.

घर खायला उठतं. लिहिलं सरळ, झालं समाधान?

एसटीची वाट बघताना भिंगरीनं मला तिच्या भाषेत दहापर्यंत आकडे शिकवले. सातावर गाडी अडते.

रागाची इस्त्री गार झाली असेल तर उत्तर धाड.
तुझी नणंद

११ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

जिंकले तरी फुशारकी मारत नाही, एवढं लक्षात ठेवा. भिंगरी अक्षरावर बोट ठेवून पान पुरं करते. टकळी गणिताला शिव्या घालते, पण सोडवते. पुढच्या वर्षीचा निकाल टाइप करताना चष्मा पुसून बसा.

मेमध्ये पोरगी महिनाभर तुमच्याकडे. भिंगरीही येईल. मी आधी तिच्या आईला विचारलं, मग गवंड्याला. मी तुमच्यासारखी नाही.

बाईंनी हात पुन्हा मोजले. या वेळी नीट समजावलं, की घरची मोठी माणसं बोलतात तीच भाषा धरायची. टकळीचा हात परत वर! बाईंनी विचारलं, आई बोलते का, बाप बोलतो का. दोन्हीला नाही म्हणाली. मग कोण, असं रागावून विचारलं, तर ताठ मानेनं म्हणे, की आमची आत्या बोलते.

मी पोरीला खोटं पाडणार नाही. तेव्हा मेपर्यंत सातच्या पुढचे आकडे पाठ करून ठेवा. भिंगरी परीक्षा घेणार आहे.

दोन पोरींपुरता लोभ काढून ठेवावा.
आपली भावजय