उत्तरेकडे गेलेली सिंहीण

लागुना चिका, ३ जून

ती. एलिसेओदादास,
नेल्दाचा सा. न. वि. वि.

इकडे मी खुशाल आहे. जूनचा हिवाळा लागला, झोपडीतली चूल धूर ओकते, पण आपला कडू माते-चहा करायला गरम पाणी मिळतं, आणखी काय हवं? तू तिला सिंहीण म्हणतोस, आमच्या अभ्यासाच्या कागदांवर ती पूमा. नाव काहीही असो, काल तिने मला जागच्या जागी खिळवून ठेवलं. टेकडीवर लांब मानेच्या रानटी ग्वानाकोंचा कळप चरत होता आणि ती गवतातून पोटावर सरकत होती. वारा फिरला की थांबायची. दुर्बिणीतून बघता बघता मी श्वास घ्यायचंच विसरले. शेवटी ग्वानाकोंनी तिला हेरलं, शिकार हुकली. ती मात्र निवांत पंजा चाटत बसली, आणि खडकाआडून तिची दोन पिल्लं येऊन तिच्या शेपटीशी खेळू लागली. चार वर्षं मी तिच्या मागावर आहे, तरी दर खेपेला पहिल्यांदाच बघितल्यासारखं वाटतं.

बाउदिलिओकाकांची शिकारी कुत्री बोलावण्याऐवजी तू राखणीच्या कुत्र्याचं पिल्लू पाळायला तयार झालास, याचं मला अजून नवल वाटतं. एवढंच सांभाळ: ते मेंढीचं दूध पिऊन मेंढ्यांतच वाढलं पाहिजे. त्याला कुणी कुरवाळायचं नाही की घरात घ्यायचं नाही. माणसाचा लळा लागला तर ते मेंढ्या सोडून दारात येऊन बसेल. हे आईला मुद्दाम सांग. तिला साष्टांग नमस्कार.

तुझी,
नेल्दा

---

घरून, २० ऑगस्ट

चि. नेल्दास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं होतं. तिने मान डोलावली, आणि पहिला बर्फ पडला त्याच दिवशी पिल्लाला उचलून स्वयंपाकघरात आणलं. मी ओरडलो तर म्हणाली, की असल्या थंडीत तिने आपल्या दोघांनाही कधी गोठ्यात ठेवलं नव्हतं. आता तो घोडा चुलीपुढे लोळतो, आईच्या हातचा रस्सा ओरपतो आणि मेंढ्या दिसल्या की माझ्यामागे लपतो.

मग व्हायचं तेच झालं. तुझी लाडकी खाली उतरली. गाभण मेंढी मारून तिने ओढ्याकाठी गवताखाली झाकून ठेवली आहे, म्हणजे खायला परत येणार. यंदा बर्फाने निम्मा कळप आधीच नेला. आणखी अशाच जाऊ लागल्या तर जमीन विकून पुन्ता आरेनासला बोटींवर काम शोधावं लागेल. बाउदिलिओकाकांना निरोप धाडला आहे. बाप्तिस्म्याला मला हातावर घेतलेले ते, आणि सिंह मारण्यात या मुलुखात त्यांची बरोबरी कुणाला जमत नाही. ते येईपर्यंत मीच बंदूक घेऊन बसणार. तुझ्यापासून लपवलं असतं तर जन्मभर बोलली नसतीस, म्हणून लिहितो. राग धर, पण वेळेवर जेवत जा.

तुझा,
एलिसेओ

---

लागुना चिका, २३ ऑगस्ट

दादा,

पत्र न्यायला ट्रकवाला दारात खोळंबला आहे, मायना राहू दे. मेंढी गेली याचं मला वाईट वाटतं, अगदी मनापासून. तो तुझ्या तोंडचा घास आहे, त्यामुळे मी तुला अडवणार नाही. पण ती मेली तर पिल्लंही या थंडीत मरतील. आणि तिची जागा मोकळी झाली की बाहेरचे तरणे, उपाशी सिंह येतील. त्यांना ग्वानाको धड मारता येत नाही, ते मेंढ्यांवरच पडतील.

एवढंच मागते. चाप ओढण्याआधी तिच्याकडे नीट बघ. मग तुला पटेल ते कर.

नेल्दा

---

घरून, ३० ऑगस्ट

चि. नेल्दास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा सगळं उरकलं होतं. आधी जीव भांड्यात पडू दे: ती जिवंत आहे.

संध्याकाळी मी ओढ्यापलीकडे झुडपात बसलो होतो. ती समोरच्या उतारावरून आली, सावकाश, आपल्या घरी यावं तशी. मागोमाग पिल्लं. नेल्दा, लहानपणापासून मी सिंह पाहत आलो, पण दर वेळी कुत्र्यांनी कड्यावर कोंडलेला, दात विचकणारा. न भ्यालेला सिंह मी कधी पाहिलाच नव्हता. तिने गवत बाजूला सारलं, आधी पिल्लांना खाऊ दिलं, आणि मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. मी तिथे आहे हे तिला ठाऊक होतं, तरी ती बसून राहिली. केवढी सुंदर आहे गं ती. बंदूक गुडघ्यावरच राहिली आणि मला रडू आलं. का ते विचारू नकोस.

आता रोज दिवस मावळायच्या आत मेंढ्या घराशेजारच्या कुंपणात आणतो. कुत्र्यालाही त्यांच्यातच नेऊन सोडलं, त्यामुळे आई माझ्याशी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाउदिलिओकाका कुत्री घेऊन हजर. सिंहीण कुठल्या अंगाला गेली, असं त्यांनी विचारलं. गेली होती दक्षिणेला, मी उत्तरेकडे बोट दाखवलं. त्यांच्याशी आजवर कधी खोटं बोललो नव्हतो. सिंहाच्या मागावर आलेल्याला मेंढा भाजून खाऊ घातल्याशिवाय आपण लावून देत नाही, तेव्हा तोही कापावा लागला. तुझ्या लाडकीपायी दोन जनावरं गेली माझी, हेही तुझ्या अभ्यासात लिही.

जेवता जेवता काका म्हणाले, की येताना ओढ्यापाशी त्यांना दक्षिणेकडे जाणारे ताजे ठसे दिसले, एका मोठ्या जनावराचे आणि दोन पिल्लांचे. मी त्यांच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. त्यांनी सुरी पुसली आणि म्हणाले, की पोरगा उत्तर म्हणतो तर उत्तरच. मला वाटलं, आता कुत्री घेऊन उठतील. उठले नाहीत. विस्तवात एक लाकूड सारलं आणि हळूच म्हणाले, की भ्यालेली नसताना ती चालते कशी, ते जरा नीट सांग. मी सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं.

आपली माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
एलिसेओ