शुद्ध चांदीच्या सुऱ्या

नांदुरा, ता. ५ नोव्हेंबर १९२७

ती. शेषरावदादांस रुक्मिणीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

डेप्युटी कमिशनर साहेब पंधरवड्याने दौऱ्यावर येणार असून त्या दुपारी आपल्याकडे जेवणार आहेत. ह्यांना ऑनररी मॅजिस्ट्रेट व्हायचे आहे, हे तू जाणतोसच. यंदा नाव वर गेले नाही तर जिनवाले नारायणराव त्या खुर्चीवर बसतील आणि मग वाटेत त्यांची जिन लागते म्हणून हे स्टेशनकडे फिरकणारसुद्धा नाहीत, असे स्वतःच म्हणतात. तू मुंबईत चांदीच्या दुकानात आहेस, तेव्हा साहेबी चमचे, काटे, सुऱ्या धाड. सासूबाई विचारतात, की साहेबाले देवानं बोटं दिली नाहीत काय?

तुझी माया अशीच राहू दे.
रुक्मिणी

मुंबई, ता. ११ नोव्हेंबर

चि. सौ. रुक्मिणीस अनेक आशीर्वाद.

पेटी रेल्वेने धाडली आहे. माल शेफील्डच्या कारागिरांचा, मागे शुद्ध चांदीची खूण म्हणून सिंहाची छाप पाहावी. नव्याचा थाट नको. विलायतेस परतलेल्या एका कर्नलच्या टेबलावर वीस वर्षे रोज मटणाला लागलेला हा संच आहे, म्हणजे खानदानी! उत्तमरावांना सांग, काटा डाव्या हातात धरावा आणि हसू नये.

पोच कळव, आणि भावाला केवळ पार्सलापुरता आठवू नकोस.
शेषराव

नांदुरा, ता. २ डिसेंबर

ती. दादांस सा. नमस्कार.

दादा, मटणाचे लिहायला तुला कोणी सांगितले होते? ह्यांनी अभिमानाने पत्र मोठ्याने वाचले आणि सासूबाईंनी ऐकले. धातू अग्नीने शुद्ध होतो म्हणून त्यांनी सगळा संच गोवऱ्यांच्या निखाऱ्यात घातला. चमचे, काटे काळवंडले, पण चिंचेने घासून निघाले. सुऱ्यांच्या मुठी मात्र आतून पोकळ. त्यांतली राळ उकळून बाहेर आली आणि पाती गळून पडली. पाहुणा दोन दिवसांवर. शेवटी मणेरीण चांदबीने मुठींत बांगड्यांची लाख भरून पाती बसवली. म्हणाली, की बांगडीले लाख धरते तर सुरीले काऊन नाही धरनार?

साहेबाने पुरणपोळीवर जोर लावला. पाते पोळीत राहिले, मूठ त्याच्या हातात. आपणच घरातली जुनी वस्तू मोडली असे वाटून तो लालबुंद झाला आणि पुनःपुन्हा माफी मागू लागला. हे एक शब्द बोलले नाहीत. पापणीही हलली नाही.

काल कचेरीतून कळले, ह्यांची नेमणूक झाली. शिफारशीत साहेबाने लिहिले आहे म्हणे, की एवढे नुकसान डोळ्यांदेखत होऊनही हा गृहस्थ जराही क्षोभला नाही. न्यायासनाला अशीच शांत वृत्ती हवी. दादा, ह्यांच्या घशात त्या वेळी घास अडकला होता. साहेब निघून गेल्यावर, आपली लाख टिकते का ते पाहायला थांबलेल्या चांदबीने पाठीत बुक्का घातला, तेव्हा कुठे आवाज फुटला.

आता नावाला शोभावे म्हणून हे दिवसभर गप्प बसतात. सासूबाई रोज दृष्ट काढतात. मला विचारशील, तर लग्नाला अकरा वर्षे झाली, घरात इतकी शांतता कधी नव्हती. सरकारला माझा नमस्कार पोचवायची काही सोय असेल तर कळव.

तुझी बहीण,
सौ. रुक्मिणी