गयेचं रोप बगीच्यात पोचलं त्याची हकीकत

तात्यापारा, रायपूर

ती. शांताबाईस,

धाकट्या बहिणीचा, कलावतीचा, वाकून जयभीम.

बाई, तुये गुडघे कसे आहेत? गयेले तू पायरीवर बसली अन् मी परत येईपर्यंत चहावाल्याच्या पोट्टीसाठी दोन स्थळं सुचवून मोकळी झाली, म्हणजे बाकी तब्येतीची काळजी नाही. गुडघ्याचंच विचारून राहिली. इकडे यशदीपच्या बाबांची शुगर बरी आहे. (बरी म्हणजे ते तपासत नाहीत.) मी ठीक आहे.

तुले मी फोनवर "रोप लागलं, कार्यक्रम मस्त झाला" एवढंच सांगितलं. ते खोटं नाही. पण यशदीपचे बाबा बाजूलेच बसून पेपरामागं हसून राहिले होते, म्हणून बाकीचं सांगता आलं नाही. बाकीचं जरा लंबं आहे.

तू नागपूरच्या गाडीत बसली, अन् मी कोलकात्यावरून विमानानं सकाळी नऊले रायपूरच्या विमानतळावर उतरली. बोधिवृक्षाच्या वंशातलं ते रोप मांडीवर. शेजारच्या साहेबाले मी दोनदा सांगितलं की हे साधं झाड नोहे, तर तो पाय आखडून बसला बिचारा. अकरा वाजता शहरातल्या आपल्या बगीच्यात रोप लावायचा कार्यक्रम होता. आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रूपनं ठरवलेला. ग्रूपच्या अध्यक्ष कुमुदताई. (पुण्याच्या. मोठ्या हापिसात आहेत. माह्या 'काहून' ले दरवेळी 'का' म्हणून दुरुस्त करतात.) सहा महिन्यांत पहिल्यांदा ग्रूपनं काही काम मायावर सोपवलं होतं, अन् मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की रोप मी आणीन, गयेहून आणीन, स्वतःच्या हातानं आणीन. आता तूच सांग, एवढं बोलल्यावर माणूस रिकाम्या हातानं कसा जाईल?

यशदीप घ्यायले येणार होता. त्याचा फोन आला, "मम्मी, मीटिंग है, टैक्सी कर लो ना." (मराठी समजते त्याले सगळी, पण उत्तर हिंदीत देते.) टॅक्सीवाला म्हणे, "माताजी, पौधा डिक्की में रख दो, सीट पर मिट्टी गिरेगी." मी म्हटलं, भैया, ज्या झाडाखाली भगवंताले ज्ञान झालं त्याच्या नातवाले तू डिक्कीत टाकशीन? तो म्हणे, नातू असो की आजा, माती ते माती. मी उतरली. तो गेला. आता वाटते की डिक्कीत टाकलं असतं तर हे पत्र चार ओळींचं झालं असतं.

मग बस दिसली. मी कंडक्टरले विचारलं, भैया, शहराच्या मधातल्या बगीच्यात जाते काय? तो म्हणे, "मंझ के बगीचा? सेंट्रल पार्क? हव, बइठव दीदी." बसली. बस चालू झाली, अन् घरं वाढायच्या ऐवजी कमी व्हायले लागली. रस्ता एवढा रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये. पण पलीकडं माणूसच नव्हता. मले वाटलं नवीन रस्ता काढला असंन. शेवटी बस थांबली, कंडक्टरनं रोप हातानं धरून मले उतरवलं, अन् समोर पाटी: सेंट्रल पार्क. बाई, तो शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नव्या रायपूरचा सेंट्रल पार्क! सुंदर आहे, खोटं काहून बोलू. गवत कापलेलं, बाकडे रंगवलेले, अन् बसायले कोणी नाही. एक चौकीदार होता. त्यानं मले पाहून एवढ्या आनंदानं फाटक उघडलं की परत जायचं आहे म्हणायले जीव होईना. एक चक्कर मारली मी त्याच्यासाठी. तवर पावणेदहा झाले.

चौकीदारानंच रस्त्यावर हात दाखवून एक छोटा हत्ती टेम्पो थांबवला. गाडीवाला भैय्यालाल, शहरातल्या तेलीबांध्याकडं चालला होता. मागं तीन बोकड. मी समोर केबिनमध्ये बसली, रोप मांडीवर. केबिनच्या मागच्या खिडकीची काच कधीचीच गेलेली, हे मले मागून समजलं. तेवढ्यात कुमुदताईंचा फोन: "कलावतीताई, कुठे आहात? प्रमुख पाहुणे निघालेत!" मी इकडं त्यायले सांगून राहिली की बस, पोचलीच, झाडाले जरा सावलीतून आणून राहिली, अन् माह्या कानाजवळ कोणीतरी पान खाल्ल्यासारखं चावून राहिलं होतं. मले वाटलं भैय्यालाल. वळून पाहते तर खिडकीतून एक दाढीवाला बोकड, डोळे मिटून, एकदम शांत. रोपाची काडीही त्यानं ठेवली नाही, बुडापासून उपटून नेली. माह्या हातात पिशवी अन् माती.

मी रडली, बाई. खरोखर रडली. भैय्यालालनं गाडी बाजूले घेतली, बोकडाले दोन लगावल्या, अन् मग मले म्हणे, "दीदी, बोकरा ला का पता कहाँ के पाना ए." बरोबरच होतं त्याचं, बोकडाले काय माहीत पान कुठलं. ज्ञानासाठी थोडंच खाल्लं त्यानं.

साडेदहा वाजले होते. तेलीबांधा आलं अन् एका भिंतीच्या भेगेतून पिंपळ उगवलेला दिसला. तुले माहीत आहे, आमच्या न्हाणीच्या पाइपमागंही तसाच एक आहे. तीन वर्षं मी यशदीपच्या बाबांच्या मागं लागून आहे की भिंत फाटून राहिली, काढा तो. मी भैय्यालालले म्हटलं, गाडी आमच्या घरी तात्यापाऱ्यात घे. यशदीपचे बाबा बनियनवर पेपर वाचत होते. मी, मागं अनोळखी माणूस, त्याच्या हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी, अन् दारात तीन बोकड. पण चाळीस वर्षांच्या संसारानंतर माणूस काही विचारत नाही. "पिंपळ काढा" एवढंच मी म्हटलं. ते उठले. तीन वर्षांत झालं नाही ते सात मिनिटांत झालं. पिंपळ मुळासकट निघाला, गयेच्या मातीत बसला, गयेच्या पिशवीत. "माती तर खरी आहे," हे म्हणाले. (याच वाक्यावर ते अजून हसून राहिले आहेत.)

अकरा पाचले मी बगीच्यात. प्रमुख पाहुणे वासुदेव साहेब, जंगल खात्यातले रिटायर अधिकारी. चष्मा काढून रोपाच्या बुडाशी वाकले. "मुळाला हा चुना कसा?" आमच्या न्हाणीच्या भिंतीचा होता तो. मी म्हटलं, साहेब, तिकडचे लोक कीड लागू नये म्हणून लावतात. त्यायनं खिशातून वही काढली अन् लिहून घेतलं! कुमुदताई म्हणाल्या, "कलावतीताईंचा अभ्यास आहे हं." पहिल्यांदाच त्यायनं मले दुरुस्त केलं नाही.

इथंवर मले मजाच येऊन राहिली होती. पण वंदना झाली, फोटो झाले, सगळे समोशाकडं वळले, अन् बगीचा झाडणारी म्हातारी झाडू बाजूले ठेवून आली. विचारते, "गया ले आए हे का?" मी म्हटलं, हव, गयेहूनच. तिनं पानाले हळूच बोट लावलं अन् ते बोट कपाळाले टेकवलं. म्हणे, "मोर त जाना नइ होइस." जिचं गयेले जाणंच झालं नाही तिच्यासमोर मले समोसा खाववला नाही. कुमुदताईले फसवणं वेगळं, अन् हे वेगळं.

म्हणून हे पत्र. भाऊजींले जयभीम, लेकरायले पापा.

तुयी,
कलावती

ता. क. : तू तुह्या अंगणासाठी दुसरं रोप घेतलं होतं ना? ते अजून कुंडीतच असंन तर लावू नको. येत्या रविवारी यशदीप नागपूरले येऊन राहिला, त्याच्यासंग पाठव. एका सकाळी झाडणाऱ्या म्हातारीलेच हाताशी घेऊन मी गुपचूप बदलते. तिले खरं सांगूनच. यशदीपले मात्र सांग की डिक्कीतच ठेव.

दुसरा ता. क. : नाही म्हणायच्या आधी एक गोष्ट. काल तिथं संगमरवरी पाटी बसली. कुमुदताईंनी विचारलं, दात्याचं नाव कोणाचं कोरायचं? मी म्हटलं, मान मोठ्या बहिणीचा. तर पाटीवर ठळक अक्षरात आहे: 'बोधगयेहून आणलेला बोधिवृक्ष. सप्रेम भेट, शांताबाई, नागपूर.' माह्यं नाव कुठंच नाही, बाई. पाहा आता, तुयी इज्जत तुया हातात.